खुलासा: देवघरातली ‘रविवर्मा’ लाखोंची नसते

‘आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीवर रविवर्मांची सही असेल तर ती लाखोंची’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. ती सहीसुद्धा चित्राबरोबर छापलेलीच असते. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडी ठशावरून कागदावर एकेक रंग चढवत तिथे देवादिकांच्या हजारो प्रती निघाल्या. भिंगातून लक्ष्मीचा गाल बघा. रंगाचे बारीक ठिपके दिसले की समजा, छापील. वरच्या वार्निशवर जाऊ नका, ते भल्याभल्यांना फसवतं. अर्थात तसबीर रद्दीतली नव्हे. कडा न कापलेली, छापखान्याचं नाव शाबूत असलेली जुनी प्रत संग्राहक आवडीने घेतात. पण रविवर्मांच्या मूळ तैलचित्राचा लिलावातला आकडा तिला लावू नका. आणि कृपा करून ती ओल्या फडक्याने पुसू नका!