टाके वाळले म्हणजे आतून भरलं असं नसतं, ताई

विट्याच्या ताई, वजनाच्या ऑपरेशननंतर घरी घ्यायच्या काळजीवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट परवाच वाचली होती, दुकानात गर्दी होती म्हणून उत्तर राहिलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बहिणीचं पुण्यात वजनासाठी स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी आली, आठवड्यात टाके वाळले, आता ३० किलो उतरलेत, आणि मी ‘गोळ्या विकणारा माणूस’ उगाच लोकांच्या मनात भीती घालतोय. गोळ्या विकतो हे खरंच आहे, सांगलीत विश्रामबागला मेडिकल आहे माझं, डॉक्टर आहे असं कधी म्हटलेलं नाही. बहिणीचं चांगलं झालं, ऐकून बरं वाटलं.

पण ऑपरेशन करू नका असं मी कुठं लिहिलंय ते दाखवा. चांगल्या ठिकाणी जीव जाण्याचं प्रमाण हजारात एक-दोनच्या आसपास आहे, आणि शुगर, बीपी, रात्रीचं घोरणं घेऊन पुढची वीस वर्षं काढणं काही कमी धोक्याचं नाही. माझं बोलणं घरी आल्यानंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल होतं.

पोटावरची चार-पाच भोकं आठवड्यात वाळतात, ते तुमचं बरोबर. आत मात्र जठराचा पाऊण भाग कापून काढलेला असतो आणि उरलेल्या नळीला वरपासून खालपर्यंत स्टेपल मारलेले असतात, ती लाइन भरून यायला आठवडे लागतात. शंभरात एखाद-दुसऱ्याला तिथून लीक होतं, बहुतेक वेळा वरच्या टोकाला अन्ननलिकेपाशी, कारण तिथं रक्तपुरवठा कमी आणि नळीत प्रेशर जास्त, आणि हे घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातसुद्धा होऊ शकतं. पोट दुखलं तर बघू म्हणून चालत नाही, जाड माणसाच्या पोटाला हात लावून फारसं कळतच नाही. आधी नाडी पळायला लागते, बसल्याजागी १२० च्या वर, ताप येतो, धाप लागते, कधी नुसता डावा खांदा दुखतो. आणि खांदा दुखला की आपल्याकडं काय करतात, बाम चोळतात नाहीतर माझ्या काउंटरला येऊन डायक्लो, म्हणजे दुखण्याची गोळी मागतात!

पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हेही त्याच दिवसातलं. म्हणूनच काहींना घरी गेल्यावर पोटाच्या कातडीखाली घ्यायची, गुठळी होऊ न देणारी इंजेक्शनं देतात, आणि काळंनिळं पडतंय म्हणून लोक ती परस्पर बंद करतात.

डायक्लोचं निघालंच आहे तर सांगतो. बायपास झालेल्या माणसाला (हृदयाचं नव्हे, वजनासाठीच जठर आतड्याला जोडतात ते) डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, विडी-सिगारेट चालू असेल तर आणखीच. पॅरासिटामॉल चालतं, पण लोक ‘पॅरासिटामॉलचीच आहे’ म्हणून जी पट्टी नेतात तिच्यात निम्म्या वेळा त्याच जातीतलं अ‍ॅसिक्लोफिनॅक मिसळलेलं असतं, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं आणि कोण वाचतंय. तसंच शुगरवाल्यांचं. ऑपरेशननंतर खाणं एकदम वाटीभरावर येतं, शुगर आपोआप उतरते, आणि घरातलं कुणीतरी जुनीच चिठ्ठी घेऊन ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवायची गोळी न्यायला येतं, घेतली तर माणूस चक्कर येऊन पडेल की. मी देत नाही, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावायला सांगतो, त्यावरून भांडणंपण झालीत.

सगळ्यात जास्त काळजी मला उलट्यांची वाटते. सारख्या उलट्या होत असतील तर दोन-तीन आठवड्यात शरीरातला बी-वन व्हिटॅमिनचा साठा संपतो, मग चालताना झोक जातो, एकाचं दोन दिसतं, बोलण्यात गोंधळ होतो. तेव्हा गावातल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली आणि बी-वन दिलंच नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईन लावणारा चांगल्या मनानंच लावतो, त्याला ऑपरेशन झालेलं कुणी सांगितलेलंच नसतं! लाजेपोटी लपवतात हो लोक, विशेषतः बायकांचं, सासरी कळू नये म्हणून. तुम्ही मला भीती घालणारा म्हणता, पण जत-आटपाडीकडच्या घरात रात्री दोन वाजता कुणाला धाप लागली तर ऑपरेशन पुण्यात झालेलं असतं, आणि मिरजेला यायचं म्हटलं तरी दोनेक तास जातात. त्यावेळी सर्जनचा नंबर आणि डिस्चार्जचा कागद हाताशी नसेल तर काय करणार?

तुमची बहीण कितव्या महिन्यात आहे ते लिहिलं नाहीत. पहिलं वर्ष चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह, आयर्न, डी-थ्री तपासलंय का विचारा, केस गळत असतील तर प्रोटीन दिवसाला ६० ग्रॅम तरी जातंय का बघा, आणि जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करा, वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताचे खडे होतात. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेही तिला माहितीय ना?