जी जाहिरात कुणालाच नाही म्हणत नाही

"त्वरित भरती. १०वी, १२वी, आयटीआय, कोणताही पदवीधर. मुलाखत नाही, थेट जॉइनिंग. पगार १८,००० ते ३२,०००. राहणं-खाणं मोफत. फोन करू नये, फक्त व्हॉट्सॲप."

सातारा-सांगलीच्या नोकरीच्या ग्रुपांवर असली जाहिरात रोज फिरते आणि खाली पन्नास जण 'इंटरेस्टेड' लिहून मोकळे होतात. एखादा शहाणा विचारतो, "खरी आहे का?" त्यापेक्षा असं विचारा: ही जाहिरात नको कुणाला म्हणते? वरची कुणालाच म्हणत नाही. कारखान्याला नुसता माणूस कधीच नको असतो. ठरावीक मशीनवर, ठरावीक शिफ्टला उभा राहणारा माणूस हवा असतो.

आता ही बघा, संगणकाने चालणाऱ्या लेथ मशीनसाठीची: "सीएनसी टर्निंग ऑपरेटर, फॅनुक कंट्रोल, २ वर्षं अनुभव, ऑफसेट देता आला पाहिजे, ड्रॉइंग वाचता यावं, व्हर्नियर-मायक्रोमीटर वापरता यावा, फिरती शिफ्ट, कुपवाड एमआयडीसी." वाचतानाच निम्मी पोरं गळतात. लिहिणाऱ्याने सुपरवायझरला विचारून लिहिलंय, हे कळतं.

अशी जाहिरात चोरून खाली आपला नंबर टाकणारेही आहेत. मग फोनवर कामाचं विचारा. जॉब, म्हणजे मशीनवर लागणारा तुकडा, कास्टिंगचा (ओतीव) आहे का बारचा (सळईचा)? सायकल टाइम, म्हणजे एका तुकड्याला लागणारा वेळ, किती? एका माणसाकडे मशीन किती? खऱ्या एचआरला सगळं माहीत नसतं, पण तो "थांबा, विचारून सांगतो" म्हणतो. भामटा म्हणतो, "ते जॉइनिंगनंतर कळेल, आधी रजिस्ट्रेशनचे ४९९ पाठवा." तिथेच फोन ठेवायचा. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, गेटपास, मेडिकल, 'रिफंडेबल डिपॉझिट', नाव काहीही असो. सरकारी परीक्षेचं शुल्क वेगळं, ते अधिकृत साइटवर अर्जासोबत भरायचं असतं, कुणाच्या यूपीआयवर नाही.

कंपनीचं नाव दिलं असेल तर घरबसल्या दोन गोष्टी तपासता येतात. जीएसटीच्या साइटवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये जीएसटी नंबर टाकला की नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे का रद्द झालीय ते दिसतं. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पण याने कंपनी आहे एवढंच कळतं, जाहिरात तिचीच आहे हे नाही.

दुसरी तपासणी जास्त कामाची, आणि ती फारसं कुणी करत नाही. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' आहे. कंपनीचं नाव टाका, कॅप्चा भरा, यादीत पत्ता बघून आपली कंपनी निवडा आणि पेमेंटचा तपशील उघडा. कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला, किती भरला आणि किती कामगारांचा, सगळं समोर येतं. "१०० जागा तातडीने" म्हणणाऱ्यांकडे पीएफ अकरा माणसांचा भरला जात असेल, तर या शंभर जणांचा पगार कोण देणार? बहुतेक वेळा ठेकेदार. ठेकेदारी बेकायदा नाही, पण त्याचा पीएफ कोड वेगळा असतो. म्हणून "मी कुणाच्या पेरोलवर?", म्हणजे पगार कुणाच्या नावाने निघणार, हे पहिल्याच फोनला विचारायचं आणि ठेकेदाराचं नावही असंच शोधायचं. असं विचारलं तर नोकरी जाईल, ही भीती आपल्याकडे फार. नुसतं विचारल्याने जी नोकरी जाते, ती नव्हतीच.

आकड्याचंही बघा. जाहिरातीत १८,००० लिहिलंय आणि तो सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. समजा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १६,००० आणि त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १२,०००. तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआय (कामगार विमा) ग्रॉसच्या ०.७५ टक्क्यांनी १२०, प्रोफेशन टॅक्स २०० (महिलांना २५,००० पर्यंत नाही). हातात आले १४,२४०. १८,००० आणि १६,००० मधले दोन हजार म्हणजे कंपनीने भरायचा पीएफ-ईएसआय. ही फसवणूक नाही, पण खोलीचं भाडं आणि मेस १८,००० धरून ठरवली की महिनाअखेरीला हिशोब बसत नाही.

शोधताना नुसतं 'सातारा' टाकून थांबू नका. शिरवळ, खंडाळा, लोणंद, वाई, फलटण, कराड वेगवेगळं टाका. हायवेलगतच्या बऱ्याच जागा साइटवर 'पुणे' म्हणून पडतात. सांगलीकरांनी मिरज, कुपवाड, पलूससोबत कोल्हापूरकडची गोकुळ शिरगाव आणि कागलही धरावी. महिनाभर जुन्या जाहिरातीवर वेळ घालवू नका. नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल आठवड्याला थोडं तरी बदला, ताजं प्रोफाइल वर दिसतं. केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) आणि राज्याचं महास्वयंम ही नोकरीची सरकारी पोर्टल मोफत आहेत. दिसायला कंटाळवाणं, पण रोजगार मेळावे तिथेच लागतात. आणि सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीत गाडी घेऊन फिरण्याला अजून पर्याय नाही. गेटवर 'पाहिजेत'चा बोर्ड असतो. जाहिरातीतला पत्ता गाठून सिक्युरिटी केबिनला विचारलं, की भरती आहे का नाही ते दोन मिनिटांत कळतं.

बायोडेटावर आधार-पॅनचा नंबर नको. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: "फक्त अमुक कंपनीच्या अर्जासाठी", खाली तारीख. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायची नाही. 'सॅलरी अकाउंट' म्हणून खातं उघडायला लावून एटीएम आणि सिम मागितलं तर ते खातं दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलं जातं, आणि पोलीस येतात तुमच्या दारात.

टेलिग्रामवर 'व्हिडिओ लाइक करा, रोज २,००० कमवा' ही नोकरीच नाही. आधी दीडशे-दोनशे खरंच देतात, मग 'प्रीपेड टास्क'ला तुमचेच मागतात. परदेशची जागा असेल तर एजंट ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.

आणि पैसे गेलेच असतील तर घरच्यांपासून लपवत बसू नका. तासाभरात हे पैसे तीन-चार खाती फिरू शकतात. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, यूटीआर (बँकेच्या मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक) हाताशी, बँकेला कळवणं आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. चॅट डिलीट करू नका. पुढच्या आठवड्यात "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येऊ शकतो. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.