अर्धवट गोधडीची विल्हेवाट कशी लावावी

घरात अर्धी शिवलेली गोधडी पडून आहे? घाबरू नका. मुंबईच्या वन-बीएचकेतसुद्धा तिची सोय लागते.

पहिला उपाय, माळा. गाठोडं बांधून वर टाका. पावसाळ्यात कुबट वास, दिवाळीला कसर, पुढचं पुढे.

बोहारणीला द्या. नऊवारी लुगड्यावर एक पातेलं मिळतं. झाकण मागू नका.

'जाता-येता ट्रेनमध्ये शिवायची ना,' असंही कुणी सुचवेल. त्यांना म्हणावं, सकाळच्या बदलापूर फास्टला चौथ्या सीटवर बसून नुसती सुई ओवून दाखवा.

मंगलदास मार्केटातून नवं कापड आणून पुरी करा, हाही सल्ला येतो. जरूर आणा. नव्या कापडाची खळ गेलेली नसते, चार थरांतून सुई ओढताना बोटं सोलतात. (म्हणूनच आमच्या साताऱ्याकडे वाकळेला धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच लागतं. पण ऐकतंय कोण!)

सर्वांत नामी उपाय मात्र आमच्याच घरात गेल्या आठवड्यात सापडला. गणपतीआधी रंगकाम काढलं होतं. रंगाऱ्याने फरशीवर अंथरायला जुनेर मागितलं. मी ऑफिसात. घरातल्या कर्त्या पुरुषाने माळ्यावरचं गाठोडं काढून दिलं. वर आईचं इरकली लुगडं, खाली माझ्या दोन सुती साड्या. कडेने धावदोरा घालत घालत आत आले होते, मधला हातभर चौकोन तेवढा राहिला होता. नेमका त्या चौकोनावर घोडा उभा केला आणि ऑफ-व्हाइटचा अर्धा डबा सांडला. विचारलं, तर म्हणे, "अगं, अर्धवटच तर होती!"

हो, होती अर्धवट. का होती, ते कधी विचारलंत? पहाटे पाचला डबे, रात्री दहाला जरा सुई हातात घेतली की "लाइट घालव गं, डोळ्यांवर येतो." आणि ती ट्रेडमिल? चार वर्षं तिच्यावर टॉवेल वाळतात. चिरंजीवांची गिटार तीन तारांवर उभी आहे. ती नाही दिली रंगाऱ्याला! माझ्या आईचं लुगडं तेवढं दिसलं. एक फोन करायला काय झालं होतं? लाज वाटायला हवी होती, आणि वर हसताय!

रंग वाळून कडक झालाय, सुई शिरत नाही. दाभण आणलंय. रविवारी दिवसभर मी शिवायला बसणार आहे. भाजी कोण चिरतंय, ते तुम्ही बघा.