आधी साचा, मग शब्द, भाषा जमलं तर

तुम्ही काल्पनिक भाषा काढलीय ना, मग आता शब्द करत बसू नका. शब्द काय, कुणालापण सुचतात, पोवई नाक्यावर गाडी अडकली की तेवढ्यात चार होतात. खरं काम म्हणजे विकीवर, म्हणजे विक्शनरीसारख्या कुणालापण बदलता येणाऱ्या ऑनलाइन कोशावर, त्या शब्दांची पानं मांडायची, आणि साताऱ्यात दुपारी लाइट आणि नेट दोन्ही एकदम असेल तर याच्याइतका सुखाचा उद्योग दुसरा नाही.

समजा तुमच्या कादंबरीतली (लिहायचीय अजून, लिहू की) टोळी कासच्या पठारामागं राहते आणि तिची भाषा खिरोण. शब्द तीन. पाऊस म्हणजे थ्वाक, शत्रू म्हणजे ग्रूम, तिसरा अजून फायनल नाही. भरपूर झाले. धूळपाटीत (विकीवरचं कच्चं पान) सराव वगैरे नवशिक्यांनी करावा, तुम्ही थेट साचे, म्हणजे पानापानात घालायच्या तयार चौकटी, बनवायला घ्या. नामाचा साचा, विशेषणाचा साचा, क्रियापदाचापण, खिरोणमध्ये क्रियापद एकही नाही पण उद्या झालं तर त्याला राहायला जागा नको का? साचा पानात घालायला महिरपी कंस दोन उघडायचे दोन मिटायचे, एक जरी राहिला तरी अख्खं पान विस्कटतं आणि मग तो कंस शोधण्यात रात्रीचे दोन वाजतात, यालाच भाषाभ्यास म्हणतात असं घरच्यांना सांगायचं.

थ्वाकचं पान उघडा. अर्थाची ओळ एकच येणार, 'पाऊस', ती पटकन उरका, तिथं रेंगाळण्यासारखं काही नाही. त्याखाली विभक्तीचा तक्ता टाका. मराठी शाळेत शिकवलेल्या आठ विभक्त्या आहेतच, वचनं दोन घेतली तर तक्ता बारका दिसतो म्हणून संस्कृतासारखं द्विवचन घ्या, झाली २४ घरं. त्यातल्या २३ घरांत आडवी रेघ. पाऊस द्विवचनात कसा येतो असं कुणी विचारलं तर म्हणावं, टोळीच्या श्रद्धेचा विषय आहे, त्यात पडू नका. तक्त्याचा रंग मात्र विचार करून निवडा, फिकट निळा की फिकट हिरवा यावर चर्चापानावर महिनाभर सहज जातो.

व्युत्पत्ती मोकळी ठेवायची नाही. 'नाक्यावर सुचला' असं लिहिलंत तर मेलात. भाषाशास्त्रात जे रूप कुठं लिहिलेलं सापडत नाही, नुसतं अंदाजानं बांधलेलं असतं, त्याच्या आधी तारा (*) लावायची पद्धत आहे. म्हणजे तुमची सोयच की. प्राचीन खिरोण काढा, तिच्यात तारा लावून 'थुव' टाका, मग त्याच्यामागं आदिखिरोण, तिच्यात अजून एक तारा. चालू भाषेत तीन शब्द आणि तिच्या आजीच्या भाषेत अकरा, असं असलं की बघणारा गप्प बसतो.

मथळ्यांच्या पातळ्यांवर, म्हणजे कोणता मथळा कोणाच्या पोटात यावर, मात्र तडजोड नको. इंग्रजी विक्शनरीत भाषेचं नाव दुसऱ्या पातळीला, व्युत्पत्ती तिसऱ्या, नामपण तिसऱ्याच, पण एकाच शब्दाच्या व्युत्पत्त्या दोन असल्या की नाम खाली चौथ्या पातळीला सरकतं. थ्वाक, ग्रूम सगळ्यांना दोन-दोन व्युत्पत्त्या द्या म्हणजे सगळी पानं परत बदलायला लागतील आणि तुमच्या संपादनांचा आकडा वाढेल. आकडा वाढला की प्रचालकपदाला (विकीचा कारभारी) उभं राहायचं.

आता अकारविल्हे. कॉम्प्युटर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, नंबराप्रमाणं लावतो, त्यात ळ येतो ल च्या मागोमाग, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर, आणि क्ष तर क मध्येच जाऊन बसतो कारण तो मुळात क, हलन्त आणि ष. मराठीचंच अजून इतकं घोळात आहे म्हणून खिरोणला स्वतंत्र वर्णक्रम पाहिजेच पाहिजे. त्यात कुणीतरी आ ऐवजी अ ला काना जोडून टाइप केलेलं असतं, दिसायला सेम, आतनं वेगळं, एका शब्दाची दोन पानं. ही कुणाच्या नजरेला आली तर एक विलीन करू नका, 'पर्यायी लेखन' म्हणून तिसरं पान काढा.

कुणी म्हणेल काल्पनिक भाषा कोशात कशाला? त्याला स्टार ट्रेकमधली काल्पनिक भाषा क्लिंगॉन दाखवा. ती रचणाऱ्या मार्क ओक्रांडनी तिचा कोश १९८५ लाच छापला, तिच्यात लहान क्यू आणि मोठा क्यू हे चक्क वेगळे आवाज आहेत, आणि विकिपीडिया पानाच्या नावाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो तर विक्शनरी करत नाही, एवढं ऐकून समोरचा दमतोच. मग त्याला कळायच्या आत विषय बदला, कारण त्याच क्लिंगॉनला इंग्रजी विक्शनरीनं मुख्य कोशात घेतलेलं नाही, परिशिष्टात ठेवलंय. १८८७ ची एस्पेरांतोपण बनवलेलीच, ती मात्र मुख्य कोशात, कारण ती माणसं खरंच बोलतात. असल्या फालतू अटी खिरोणला लावू द्यायच्या नाहीत.

आणि वाईचं उदाहरण तर अजिबात ऐकून घेऊ नका, आपल्या जिल्ह्यात कोशाचं नाव काढलं की कोणतरी ते काढतोच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथं मराठी विश्वकोश उभा केला, पहिला खंड १९७६ ला आला. मोल्सवर्थनंपण १८३१ ला मराठीचा कोश काढून १८५७ ला वाढवून परत छापला. पण ह्या लोकांकडं साचे कुठं होते? रंग निवडायला नाही, कंस मोजायला नाही, मजकूर लिहिण्यात गेला बिचाऱ्यांचा सगळा वेळ.

उच्चाराचं बटण शेवटी लावा. फोनवर 'थ्वाक' रेकॉर्ड करा, मागं कुकरची शिट्टी आली तरी राहू दे, साच्यात 'मूळ भाषक, पठारी बोली' असं लिहा. तुमच्याशिवाय दुसरा भाषक नसल्यामुळं चूक काढणार कोण?

एवढं झाल्यावर एखादा चहा पितापिता म्हणेलच, भावा, तुझ्या भाषेत एक वाक्य बोलून दाखव की. हा माणूस घातकी. त्याला वाक्यरचनेच्या पानाचा दुवा पाठवा, तो अजून लाल आहे, म्हणजे पानच झालेलं नाही, आणि सांगा की त्या पानाच्या मथळ्याची पातळी ठरल्याशिवाय मजकूर टाकता येत नाही, मतदान चालू आहे, तूपण खातं उघड आणि मत दे.