आधी विचारलंस का, का ठेवलंय ते?

सकाळी भाच्याचं स्टेटस बघितलं आणि चहा गार झाला. गिलोटिनचं, म्हणजे मुंडकं उडवायच्या यंत्राचं चित्र, वर 'आता हाच उपाय', खाली दोन हसऱ्या इमोजी. पोरगा हुशार आहे, मनाने चांगला आहे, आणि म्हणूनच जास्त चीड आली. सगळे नेते चोर, सगळ्या संस्था सडलेल्या, पाडा आणि पहिल्यापासून बांधा. तीस सेकंदांच्या रीलमध्ये फ्रेंच राज्यक्रांती बघितली की एवढंच कळणार.

अरे बाबा, त्या यंत्राखाली नुसता राजा गेला नाही. राजा गेला 21 जानेवारी 1793 ला. मग कोण गेलं? क्रांतीच्याच व्यासपीठावर गरजणारा दाँतो गेला, एप्रिल 1794. पुढच्याच महिन्यात लव्हॉझिए, ज्याने ऑक्सिजनला नाव दिलं तो. आणि जुलैमध्ये या शिरच्छेदांमागचा पुढारी, स्वतः रोबेस्पिएर, ज्याने 1791 मध्ये भर सभेत फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून भाषण केलं होतं! हे त्या रीलमध्ये नव्हतं ना? नसणारच.

माझाही एक किस्सा आहे, आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालाय, तरी सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, ऑफिसात नुकते कॉम्प्युटर आलेले आणि मला कॉम्प्युटर येतो म्हणून मी हवेत. आमच्या हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. त्यांच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची जाडजूड रजिस्टरं असायची, पानं उलटून उलटून कोपरे काळे पडलेले, आणि भाऊसाहेबांच्या अंगठ्याला कायम स्टॅम्पपॅडची जांभळी शाई. मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, ही रद्दी कशाला? लोक हसले. भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "का ठेवलंय ते विचारलंस का रे आधी?" नाही विचारलं. रजिस्टरं रद्दीत गेली आणि मला साहेबांची शाबासकी मिळाली.

इतिहासाकडून मी एवढाच एक प्रश्न शिकलोय. एडमंड बर्क या ब्रिटिश खासदाराने 1790 मध्ये, राजा अजून जिवंत असताना, लिहून ठेवलं होतं की शेवटी फौज हाताशी धरणारा एखादा लोकप्रिय सेनापती येईल आणि तोच तुमचा मालक होईल. नऊ वर्षांनी नेपोलियनने सत्ता घेतली, 1804 मध्ये सम्राट झाला. बर्क काही ज्योतिषी नव्हता. त्याला एवढंच कळत होतं की जुने खांब सगळे एकदम काढले की छप्पर पेलायला शेवटी एक माणूस लागतो, आणि मग तो माणूस खाली उतरत नाही. आज जिकडेतिकडे 'एकदा मला पूर्ण सत्ता द्या, मग बघा' म्हणणारे उभे आहेत, आणि त्यांना टाळ्या वाजवणारे तेच आहेत ज्यांना कोर्ट नको, सभागृह नको, नियम नको, कारण सगळं हळू चालतं म्हणे. अरे, हळू चालावं म्हणूनच तर ते आहे!

त्या क्रांतिकारकांनी कॅलेंडरसुद्धा सोडलं नाही. आठवडा दहा दिवसांचा केला, म्हणजे सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. कामकरी माणसाला काय वाटलं असेल विचार करा. 1806 च्या पहिल्या तारखेला गुपचूप जुनं कॅलेंडर परत आलं.

आणि चीनमध्ये 1958 साली चिमण्या धान्य खातात म्हणून मारायची मोहीम निघाली, लोक भांडी बडवत होते, चिमण्यांना टेकू देत नव्हते, दमून खाली पडेपर्यंत. चिमण्या कीडही खातात हे कुणी विचारात घेतलं नाही. टोळ आणि कीड माजली, 1960 मध्ये मारायच्या जिवांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. तोवर दुष्काळ पडलेला होता, त्याची कारणं आणखीही होती, पण ही हौस त्यात होतीच.

का ठेवलंय ते विचारलंस का रे आधी?

माझं पुढे काय झालं तर आठ महिन्यांनी एका जुन्या प्रकरणाची कोर्टात तारीख लागली आणि मूळ फाईल सापडेना. कॉम्प्युटरवर नवीन नंबर होता. पण जुना नंबर कोणता आणि कोणत्या कपाटात, हे फक्त लाल रजिस्टरच्या समासात पेन्सिलने लिहिलेलं असायचं. तिघं जण अकरा दिवस धूळ खात होतो.

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये गुलामगिरीचा मुद्दा काढणारच, म्हणून आधीच सांगतो, मान्य. ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार 1807 ला बंद झाला आणि गुलामगिरी रद्द करायचा कायदा व्हायला 1833 उजाडलं. साखळीतल्या माणसाला 'जरा सबुरीने घ्या' सांगायला माझीही जीभ रेटत नाही.

आणि आपल्याच लोकांनाही एक टोला. जुनं ते सगळं सोनं म्हणणारे पण शहाणे नाहीत. सोळाव्या लुईच्या, म्हणजे गिलोटिनखाली गेलेल्या त्याच राजाच्या, तुर्गो नावाच्या अर्थमंत्र्याने वेळेत डागडुजी सुरू केली होती, त्याला 1776 मध्ये घालवला तो दरबारातल्या जुन्या लोकांनीच. पुढे त्याच लुईचा भाऊ दहावा चार्ल्स गादीवर आला, 1825 ला जुन्या थाटात राज्याभिषेक करून घेतला, जणू मधे काही घडलंच नाही. 1830 मध्ये पळून जावं लागलं. बर्क स्वतः म्हणायचा की ज्या राज्यात बदलायची सोय नाही त्याला टिकायचीही सोय नाही. आमच्या ग्रुपवरचे काही जण हे वाक्य सोयीस्कर विसरतात.

वर भाच्याला एक शब्द वापरला होता, तो आत्ता खोडला. मी त्याच्यापेक्षा वेगळा होतो कुठे? त्याला राग आलाय तो खोटा नाही, मलाही येतो.

फाईल शेवटी भाऊसाहेबांनीच काढली. रिटायर झाले होते, निरोप गेल्यावर दोन दिवस आले, टोमणा नाही, काही नाही. चष्मा नाकावर सरकवून तिसऱ्या कपाटाच्या खालच्या खणात हात घातला. मग माझ्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "नंबर टाकायची तुझी पद्धत चांगली आहे रे, निम्मं रजिस्टर तसंही माझ्या सवयीचं होतं." आणि माझ्या छापील यादीत, माझ्या प्रत्येक नवीन नंबरशेजारी, आठवतील तेवढे जुने नंबर पेन्सिलने लिहीत बसले, संध्याकाळपर्यंत.