मंगळावर उणे साठ, अमळनेरात चव्वेचाळीस

अमेरिकेतल्या मालिकावाल्यांनी खान्देशातला मे महिना बघितलेला नाही, हे त्यांच्या वेळापत्रकावरूनच कळतं. कॅलिफोर्नियात रात्रीचे बारा वाजले की नवी मालिका जगभर एकदम सुटते. उन्हाळ्यात तिकडचे बारा म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. तिकडचा चाहता दिवे मालवून पांघरुणात बसतो. इकडे अमळनेरात त्या वेळी पारा चव्वेचाळीसवर, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि छतावर ज्वारीचे बिबडे कडकडीत वाळत पडलेले.

मंगळावरच्या वसाहतीची ही नवी मालिका येणार म्हणून मी कधीपासून वाट बघत होतो. त्या दिवशी रजाही टाकली. पण आमच्या घरात कुलर एकच, तो पुढच्या खोलीत, आणि टीव्हीही त्याच खोलीत. त्यामुळे साडेबाराला खोलीत मायसकट बारा-चौदा माणसं होती. त्यांना मालिकेशी काही देणंघेणं नव्हतं. ती सगळी कुलरची चाहती.

खरे चाहते आम्ही दोघंच, मी आणि आमचा मेडिकलवाला मित्र. त्यानं मूळ कादंबरी दोनदा वाचलेली. त्यामुळे ट्रेलर आल्यापासून तो सुतकातच होता. हेल्मेटचा रंग चुकला, नायिकेचं वय चुकलं, मंगळही म्हणे जरा जास्तच तांबडा झाला. नावं पडद्यावर यायला लागली तोच तो म्हणाला, "पुस्तकात असं नाहीये." १९६६ साली सुरू झालेली 'स्टार ट्रेक' बंद पडायला आली, तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून तिला तिसरं वर्ष मिळवून दिलं होतं. आमचा मित्र तेव्हा असता तर 'बंदच करा' म्हणून तेवढी पत्रं त्यानं एकट्यानं लिहिली असती. आणि तरी पहिल्या रांगेत, कुलरच्या ऐन झोतात, मांडी ठोकून बसला असता तोही हाच.

पहिल्याच दृश्यात यानाचा स्फोट झाला. जळगावला इंजिनिअरिंगला असलेला भाचा उसळून म्हणाला, "मामा, निर्वातात आवाज येतच नाही! एवढं साधं विज्ञान कळत नाही यांना?" खरं सांगायचं तर आम्हाला कोणालाच आवाज आला नव्हता. कुलर तीन नंबरवर होता. मग पृथ्वीवरचा साहेब मंगळावरच्या बाईशी फटाफट बोलायला लागला, तशी भाच्याची दुसरी तक्रार: संदेश तिकडे पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात, हे असं समोरासमोर बोलतात कसे? पण तेवढ्यात पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि साहेबाचं पुढचं वाक्य चांगलं चार मिनिटांनी आलं. दिग्दर्शकाची चूक आमच्या नेटनं परस्पर दुरुस्त केली.

नायिका यानातून बाहेर पडली. हातातल्या यंत्राकडे बघून म्हणाली, बाहेर उणे साठ. मराठी अक्षरं खाली उमटली आणि खोलीभर एकच "अहाहा!" झालं. पटकथालेखकाच्या मनात तिथे भीती असणार. आमच्याकडे बायकांनी पदर सैल केले. जिभाऊ, म्हणजे माझे थोरले चुलते, गादीवर उठून बसले. "आठे इतलं ऊन आन तठे उणे साठ? चाल भो, तठेच ऱ्हावाले जाऊत!"

इथे मालिका हातातून निसटली ती निसटलीच. कारण जिभाऊंची नजर मातीवर गेली.

वसाहतवाल्यांनी काचेच्या घुमटात भाजीपाला लावला होता. जिभाऊंनी मला टीव्ही थांबवायला लावला. चष्मा पुसला. पडद्याजवळ जाऊन त्यांनी मंगळाच्या जमिनीवर बोट ठेवलं. "हाई माती नही. हाऊ मुरूम शे." ठिबकच्या नळ्या कुठे आहेत, हा पुढचा सवाल. ज्या जिल्ह्यानं ठिबक घरोघर नेलं, त्या जिल्ह्याचा माणूस, त्याला हे खटकणारच. भाच्यानं समजवायचा प्रयत्न केला की २००८ मध्ये नासाच्या फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलंय, ते क्षार विषारी, साधं खत-पाणी करून भागत नाही. जिभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. तापीकाठच्या चोपण जमिनी त्यांनी हयातभर बघितल्यात. म्हणाले, "मग जिप्सम टाका. चर काढा. पाणी सोडून क्षार धुऊन काढा. दोन वर्षात कपाशी येईल." मंगळावर पाणी कुठून आणायचं, असं भाच्यानं विचारलं. "ते तुम्ही शिकलेल्यांनी बघायचं."

मायचा आक्षेप वेगळाच. मालिका मंगळाची आणि लावली शुक्रवारी? आमच्या गावात मंगळ ग्रहाचं देऊळ आहे. दर मंगळवारी तिथे लांबलांबून माणसं येतात, पत्रिकेतला मंगळ शांत करून जातात. मंगळाशी आमचा व्यवहार असा जुना आणि घरगुती. त्यामुळे नायिका दिसल्याबरोबर मायनं विचारलं, "पोरगी गोड शे. तिनं लगीन व्हयनं का?" नाही म्हटल्यावर मायला सगळं समजलं. कडक मंगळ असणार. "पण आता तिच्या पत्रिकेत मंगळ बसवायचा कुठे? तीच त्याच्यावर जाऊन बसलीये!"

यावर कोणी हसलं नाही, सगळी विचारात पडली. मंगळावर जन्मलेल्या पोराच्या पत्रिकेत मंगळ असणार नाही, तिथे पृथ्वी असणार. म्हणजे तिकडे मुलगी बघायला गेलं की म्हणणार, स्थळ चांगलं आहे हो, पण सातव्या घरात पृथ्वी आहे. मग पृथ्वीची शांती करायला ती मंडळी येणार कुठे? शेजारच्या काकूंनी लगेच हिशोब मांडला की देवळाजवळ आताच एखादा प्लॉट घेऊन ठेवावा. मेडिकलवाला कळवळून म्हणाला, "अहो, पुस्तकात तिचं लग्न झालेलं आहे!" तेव्हा मायनं त्याच्याकडे पहिल्यांदा आदरानं बघितलं.

तिथला दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, ही भाच्यानं दिलेली माहिती बायकोला अजिबात आवडली नाही. "म्हणजे आणखी एक चहा," एवढंच म्हणून ती बिबडे उलटायला छतावर गेली.

शेवटची पाच मिनिटं मात्र सगळे गप्प. वसाहतीच्या टोकाला एक बंद दार, आतून ठोठावल्याचा आवाज. नायिकेनं चाकावर हात ठेवला. चाक फिरलं. दार बोटभर उघडलं, आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरवर आमच्याकडे दोन पंखे आणि एक बल्ब चालतो. टीव्ही नाही, कुलर नाही. "लाइट गई!" असा पुकारा गल्लीभर झाला. मला एका गोष्टीनं जरा धीर आला. १९६३ च्या नोव्हेंबरात बीबीसीनं 'डॉक्टर हू' सुरू केली ती केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्यातच इंग्लंडात काही भागांत वीज गेली होती. बिचाऱ्यांना आठवड्यानं पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. आमच्याकडे तशी सोय नव्हती. आमच्याकडे पुण्याचा साडू होता. त्याच्याकडे लाइट होती. त्याचा फोन आला, मी उचलला नाही, तर त्यानं बायकोला लावला.

तोवर खोलीत भाग पुरा करायचं काम जोरात सुरू झालं होतं. मायच्या मते दाराआड नायिकेची सासू. जिभाऊंच्या मते पाइपलाइन फुटली होती आणि ते लपवलं जात होतं. भाचा म्हणाला, दाबाच्या फरकानं दार असं उघडणारच नाही. मेडिकलवाला म्हणाला, पुस्तकात दारच नाहीये.

बायको छतावरून उतरली ती फोन कानाला लावूनच. "भाऊजी म्हणतात, दाराआड काय आहे ते दाखवलंच नाही. पुढच्या शुक्रवारी."

खोलीत असा संताप मी निवडणुकीच्या निकालालाही बघितलेला नाही. जिभाऊंनी टोपी घातली, चपला शोधल्या. "येत्या शुक्रवारी ट्रॅक्टरची बॅटरी आणतो. लाइटचं टेन्शन घेऊ नको." दारात थांबून वळले. "आन त्या बाईले कळव भो, पहिले जिप्सम टाक म्हना."