होव्हर टाळा म्हणता, मग मेनू उघडतो का ते कोण बघणार?

होव्हर म्हणजे क्लिक न करता माऊस नुसता घटकावर नेणं; काही मेनू त्यानेच उघडतात. ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणाऱ्या सेलेनियम या साधनाबद्दल टेस्टिंगच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: "सेलेनियममध्ये होव्हरचा भरवसा नाही. माऊस नेत बसू नका, जावास्क्रिप्टने थेट सबमेनूच्या लिंकवर क्लिक मारा, टेस्ट हिरवी होते." हिरवी, म्हणजे पास, होते हे खरं. पण तेवढंच खरं.

"होव्हर म्हणजे शेवटी एक माऊसओव्हर इव्हेंट (माऊस आल्याची पेजला मिळणारी सूचना), तो स्क्रिप्टनेही पाठवता येतो." येतो की. पण सीएसएसमधला (पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमधला) होव्हर इव्हेंटवर ठरत नाही. पॉइंटर कुठे आहे ते पाहून ब्राउझर तो ठरवतो. नुसत्या सीएसएसवर चालणारा मेनू अशा बनावट इव्हेंटला दाद देत नाही. सायप्रेस या दुसऱ्या टेस्टिंग साधनात होव्हरची कमांडच नाही आणि तिथली ट्रिगर ही कमांड असाच इव्हेंट पाठवते, म्हणून तर लोक डेव्हटूल्स प्रोटोकॉलमार्फत (ब्राउझरला बाहेरून हुकूम देण्याच्या वाटेने) माऊस हलवणारं प्लगइन लावतात. सेलेनियमची मूव्ह-टू-एलिमेंट ही कमांड ब्राउझरचाच पॉइंटर हलवते. (पुढे ती प्रत्यक्ष अमलात आणणारं परफॉर्म लिहायचं राहिलं नसेल तर!)

"क्लिक कसाही केला तरी लिंक तीच." खरी गोम इथे आहे. जावास्क्रिप्टचा क्लिक डिस्प्ले-नन असलेल्या, म्हणजे पेजवर दिसतच नसलेल्या, लिंकवरही लागतो. मेनू उघडतच नसो, वर कुकीचा बॅनर आलेला असो, झेड-इंडेक्स (कोण वर, कोण मागे ते ठरवणारा आकडा) चुकून सबमेनू स्लायडरमागे गेलेला असो, टेस्ट पासच होणार. शिवाय मेनू आणि सबमेनू यांच्यात चार-पाच पिक्सेलची फट राहिली, की माऊस खाली नेता नेता मेनू मिटतो. ग्राहक वैतागतो तो याच बगला, आणि तो पकडायचा तर पॉइंटर त्या वाटेनेच न्यावा लागतो. प्लेराइट या आणखी एका साधनाच्या माऊस-मूव्हमध्येही स्टेप्सचा (वाटेतल्या टप्प्यांचा) आकडा मुळात 1 असतो, म्हणजे पॉइंटर एका उडीत पलीकडे पोचतो आणि फट कळतच नाही. तो आकडा वाढवा.

"होव्हर फ्लेकी असतो, स्लीप टाका." फ्लेकी म्हणजे कधी पास, कधी फेल; स्लीप म्हणजे ठरलेले सेकंद नुसतं थांबणं. पण कशामुळे फ्लेकी, ते आधी बघा. सबमेनू दिसण्याआधीच पुढची कमांड सुटत असेल, तर तो दिसेपर्यंत थांबणारा एक्सप्लिसिट वेट लावा. घटक व्ह्यूपोर्टबाहेर (स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाबाहेर) असेल तर आधी स्क्रोल करा. सेलेनियम 4 मध्ये ऑफसेट (माऊस किती अंतरावर न्यायचा तो आकडा) घटकाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याऐवजी मध्यापासून मोजतात. जुना कोड तसाच उचलला तर माऊस भलतीकडेच जातो. तिथे स्लीप तीन सेकंदांचा टाका नाहीतर तीसचा, काय फरक पडणार?

"मोबाइलवर होव्हर नाहीच." बरोबर, टचसाठी वेगळी टेस्ट लिहा. डेस्कटॉपवर मात्र 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या नियमावलीतला 1.4.13 हा निकष आहेच: होव्हरने उघडलेल्या मजकुरावर माऊस नेला तर तो मिटू नये, आणि माऊस न हलवता, उदाहरणार्थ एस्केप दाबून, तो बंद करता यावा. जावास्क्रिप्टच्या क्लिकने यातलं काय तपासणार?

एक मात्र मान्य. टेस्ट चेकआउटची असेल तर मेनूच्या वाटेला जाऊच नये. थेट यूआरएल उघडावी; तिथे तो जावास्क्रिप्टचा क्लिक तरी कशाला हवा?